छतातले दिवे निवडताना: आधी उजेड कुठे पडायचा ते ठरवा

फॉल्स सीलिंगचा सांगाडा उभा राहिला की कारागीर विचारतो, "लाइट कुठे-कुठे द्यायचे?" बहुतेक घरांत या प्रश्नाचं उत्तर उभ्याउभ्या दिलं जातं. खोलीची लांबी-रुंदी मोजतात, तिचे सारखे भाग पाडतात आणि छतावर पेन्सिलीने सहा किंवा आठ खुणा होतात. छत रेखीव दिसतं. राहायला गेल्यावर लक्षात येतं की सोफ्यावर मान टेकली की एक दिवा नेमका डोळ्यांत घुसतो, ओट्यापाशी उभं राहिलं की आपलीच सावली हातांवर पडते आणि कपाट उघडलं तर आत काळोख.

माझ्या आईच्या खोलीत आम्ही असेच सहा दिवे बसवले होते. खोली लख्ख झाली. तरीही ती वाचायला दिवसाउजेडी खिडकीपाशीच बसायची आणि अंधार पडला की पुस्तक मिटून ठेवायची. खूप दिवसांनी तिने सांगितलं की पानावर तिच्याच डोक्याची सावली पडते. सहांपैकी एकही दिवा तिच्या खुर्चीचा विचार करून बसवलेला नव्हता. शेवटी खुर्चीच्या डाव्या बाजूला, जरासा पुढे, अरुंद झोताचा एकच दिवा वाढवला आणि तिचं रात्रीचं वाचन पुन्हा सुरू झालं.

तेव्हापासून मी क्रम उलटा धरते. उजेड कशावर पडायला हवा ते पहिलं, दिवा कसा हवा ते त्यानंतर, आणि छतावरची खूण अगदी शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे.

मुळात त्या खोलीला हे दिवे चालतील का?

छतात बसणाऱ्या दिव्याला वर पोकळी लागते. चपट्या पॅनेल लाइटला दोन-तीन सेंटीमीटर पुरतात, पण डोळ्यांना सुखावह असणारे खोल सीओबी दिवे (एकाच चकतीवर दाटीने बसवलेल्या एलईडीचे) आठ ते बारा सेंटीमीटर जागा मागतात. त्यावर ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला हवी तशी वीज पुरवणारी छोटी डबी, ठेवायला आणि हवा खेळायला थोडी मोकळीक हवीच. म्हणून फॉल्स सीलिंगची उंची ठरण्याआधी दिवा ठरलेला असावा. एकदा बोर्ड ठोकले की "जागा नाही, पॅनेलच लावा" एवढंच ऐकायला मिळतं. पोकळीतून एसीचा पाइप किंवा तुळई जात असेल तर ती नेमकी कुठे आहे त्याचा फोटो बोर्ड लावण्याआधी काढून ठेवा.

छतात पोकळीच नसेल तर त्यासाठी सबंध फॉल्स सीलिंग करायची गरज नाही. छताला बाहेरून बसणारे नळकांड्यासारखे सरफेस दिवे मिळतात आणि पुढे लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यांनाही लागू आहे.

या दिव्यांचा एक स्वभावही आधीच ध्यानात घ्यावा. ते उजेड खाली टाकतात, त्यामुळे खुद्द छत अंधारात राहतं. खोलीत फक्त हेच दिवे असतील तर जमीन उजळते आणि डोक्यावर काळोखाचं झाकण ठेवल्यासारखं वाटतं. माणसांचे चेहरेही वरून उजळतात, डोळ्यांखाली आणि नाकाखाली सावल्या पडतात, सगळे दमल्यासारखे दिसतात. यावर दिव्यांची संख्या वाढवून काही होत नाही. छताला किंवा भिंतीला उजळणारा दुसरा एखादा दिवा लागतो: खाचेतली एलईडी पट्टी, भिंतीवरचा दिवा, नाहीतर कोपऱ्यातला उभा दिवा. माझ्या मते हा दुसरा दिवा चैनीत मोडत नाही. पैसे कमी पडत असतील तर छतातले दोन दिवे कमी करा, पण तो ठेवा.

कागदावर खोली मांडा

एका कागदावर खोलीचा आराखडा काढा. प्रमाण अचूक नसलं तरी चालेल, पण फर्निचर जागच्या जागी हवं: पलंग, सोफा, टेबल, कपाटाची दारं कोणत्या बाजूला उघडतात ते, पंखा, खिडक्या, आरसा. मग वेगळ्या रंगाने खुणा करा. कुठे कोण काय करतं? वाचणं, चिरणं, शिवणं, दाढी, अभ्यास, कपडे निवडणं. या जागांना कामाचा उजेड हवा. तिसऱ्या रंगाने ज्या गोष्टी नुसत्या बघायला आवडतात त्या दाखवा: चित्र, पुस्तकांची मांडणी, विटांची भिंत. उरलेल्या भागात वावरण्यापुरता उजेड पुरतो.

हा कागद घरातल्या सगळ्यांना दाखवा, वयाने मोठ्या माणसांना तर नक्कीच. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि भिंग पिवळट होतं. साठीच्या आसपास डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांश उजेड पोहोचतो. तुम्हाला पुरेसं वाटणारं त्यांना अपुरं असू शकतं. शिवाय त्यांचे डोळे लवकर दिपतातही. त्यांच्या खोलीत हव्या त्या जागी जास्त उजेड हवा, आणि तो देणारा दिवा नजरेआड.

किती उजेड?

दुकानात वॅटवर बोलणं होतं. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते ल्युमेन सांगतं. एकाच वॅटचे दोन दिवे उजेडात बरेच वेगळे असू शकतात. चांगला एलईडी दिवा वॅटमागे ८० ते १२० ल्युमेन देतो, म्हणजे ७ वॅटच्या दिव्याकडून ६०० च्या आसपास ल्युमेनची अपेक्षा धरायला हरकत नाही. खोक्यावर ल्युमेन छापलेलेच नसतील तर तो दिवा मी घेत नाही.

तो उजेड पृष्ठभागावर किती पडतो, ते मोजायचं माप लक्स. १ चौरस मीटरवर १ ल्युमेन पडला की १ लक्स. घरासाठी अंदाजाचे आकडे असे धरता येतात: पॅसेजला १००, बेडरूमला १०० ते १५०, हॉलला १५० ते २००, स्वयंपाकघरात एकूण २०० ते ३००, आणि ओटा, अभ्यासाचं टेबल, वाचायची खुर्ची अशा जागी ३०० ते ५००. शेवटचे आकडे सबंध खोलीसाठी नाहीत, तेवढ्या जागेपुरतेच आहेत. सगळी खोली ५०० लक्सची केली तर ती घर कमी आणि कचेरी जास्त वाटेल.

हिशोब करून पाहू. १५ बाय ११ फुटांचा हॉल. १० चौरस फूट म्हणजे ढोबळमानाने १ चौरस मीटर; इथे १६५ चौरस फूट, म्हणजे सुमारे १५ चौरस मीटर. १५० लक्स हवा असेल तर १५ गुणिले १५०, म्हणजे २२५० ल्युमेन. पण दिव्यातून निघालेला सगळा उजेड कामी येत नाही. काही भिंती शोषतात, काही धुळीत जातो, काही दिव्याच्या वयोमानाने कमी होतो. म्हणून आकडा दुप्पट धरावा: ४५०० ल्युमेन. यातला एक तृतीयांश भाग भिंतीवरच्या आणि उभ्या दिव्यांवर सोपवला तर छताकडे ३००० उरतात. ६०० ल्युमेनचे पाच दिवे झाले.

भिंती गडद निळ्या किंवा चॉकलेटी रंगाच्या असतील तर हा हिशोब अपुरा पडेल. पांढरं छत पडलेल्या उजेडातला ७० ते ८० टक्के परत फेकतं, गडद भिंत जेमतेम १० ते २० टक्के. रंग बदलायचा विचार असेल तर तो दिव्यांआधी पक्का करा.

झोताचा कोन

निवडीत सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच आकड्याकडे. खोक्यावर २४, ३६, ६० किंवा ११०-१२० अंश असं लिहिलेलं असतं. झोताच्या मध्यावर जेवढी तीव्रता असते तिच्या निम्मी जिथे होते, तिथपर्यंतचा हा कोन. त्याच्या बाहेरही उजेड असतो, पण फिकट होत गेलेला.

कोनावरून उजेडाच्या वर्तुळाचा व्यास काढता येतो. दिव्यापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर घ्या. २४ अंशांना त्याला ०.४३ ने गुणा, ३६ ला ०.६५ ने, ६० ला १.१५ ने. छत २.७ मीटरवर आणि टेबल ७५ सेंटीमीटर उंच असेल तर अंतर जवळपास २ मीटर. म्हणजे टेबलावर २४ अंशांचा दिवा ८५ सेंटीमीटरचं वर्तुळ करेल, ३६ चा १.३ मीटरचं, ६० चा २.३ मीटरचं. १२० अंशांचा पॅनेल लाइट सगळीकडेच पसरतो.

ल्युमेन तेवढेच असले तरी अरुंद झोतात मध्यावरची तीव्रता रुंद झोताच्या कितीतरी पट असते. चित्रावर, शोभेच्या वस्तूवर किंवा वाचायच्या खुर्चीवर २४ ते ३६ अंश शोभतात. वावरण्याच्या उजेडासाठी ६० च्या आसपास. १२० अंशांचे पॅनेल लाइट स्वस्त असतात, सावल्या मऊ ठेवतात, कोठीघर, धुण्याची जागा किंवा स्वयंपाकघराच्या मध्यभागी ते उत्तम काम करतात. मात्र हॉलमध्ये नुसते तेच लावले की सगळं सारखंच उजळ दिसतं आणि नजर कुठेच ठरत नाही. उलट टोकाला, २४ अंशांचे दिवे सबंध खोलीत लावले की जमिनीवर उजेडाचे ठिपके आणि मधे अंधार. छत साडेतीन मीटरहून उंच असेल तर कोन एक पायरी अरुंद घ्या, नाहीतर उजेड खाली पोहोचेपर्यंत विरून जातो.

दोन दिव्यांमधलं अंतर किती ठेवायचं? ६० अंशांच्या दिव्यांसाठी छताच्या उंचीच्या निम्म्यापासून सुरुवात करा आणि त्याच्या थोडं पुढे-मागे जा, २.७ मीटर छताला १.३ ते १.६ मीटर. भिंतीपासूनचं अंतर त्याच्या निम्मं, म्हणजे ७०-८० सेंटीमीटर. भिंत एकसारखी उजळायची असेल तर दिवे भिंतीपासून ६० ते ९० सेंटीमीटरवर आणि एकमेकांपासूनही तेवढ्याच अंतरावर द्या. उजळलेली भिंत खोली मोठी भासवते, आणि त्याचा परिणाम मधे लावलेल्या दोन जादा दिव्यांहून जास्त दिसतो. दिवा भिंतीपासून ३० सेंटीमीटरच्या आत नेला की झोत भिंतीला घासत उतरतो. दगडी किंवा खडबडीत भिंतीवर ते फार देखणं दिसतं. साध्या रंगवलेल्या भिंतीवर गिलाव्याचा प्रत्येक उंचवटा उघडा पडतो.

डोळे दिपणार नाहीत याची काळजी

दिवा बघायची गोष्ट नाही. उजेड बघायचा, दिवा दिसू नये. ज्यात एलईडी काठापासून आत, खोल बसवलेला असतो आणि भोवतीची वाटी काळी किंवा चमक न मारणारी असते, तो दिवा तिरप्या नजरेला जवळपास विझलेला वाटतो. त्याच उजेडाचा उथळ दिवा खोलीच्या कुठल्याही टोकाहून डोळ्यांत टोचतो. काही माहितीपत्रकांत कटऑफ अँगल दिलेला असतो. दिव्याचा चमकता भाग नजरेआड होण्याचा तो कोन. ३० अंश किंवा जास्त असेल तर बरं.

आकडा नसला तरी परीक्षा सोपी आहे. दुकानात दिवा डोक्याच्या वर धरायला सांगा आणि तीन-चार पावलं मागे सरका. समोर नेहमीसारखं बघताना डोळे आपोआप बारीक होतात का? होत असतील तर घरी रोज होणार. घरातल्या परीक्षेसाठी मात्र बसून आणि आडवं होऊन बघा. सोफ्यावर टेकलेला आणि पलंगावर पडलेला माणूसच छताकडे सगळ्यात जास्त बघतो. तान्हं बाळ असलेल्या घरात तर हे विसरूच नये. ते दिवसभर उताणं पडून छताकडेच बघत असतं.

उजेडाचा रंग आणि रंगांचा खरेपणा

उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर, मोठा तेवढा निळसर. मेणबत्ती २००० च्या खाली, जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास. दिव्यांवर २७०० किंवा ३००० ला वॉर्म व्हाइट म्हणतात, ४००० ला नॅचरल किंवा न्यूट्रल, ६५०० ला कूल व्हाइट किंवा डेलाइट.

"पांढरा जास्त उजेड देतो" हा समज पक्का रुजलेला आहे. ल्युमेन सारखे असले तर उजेड सारखाच असतो; निळसर उजेड फक्त जास्त टोकदार वाटतो. संध्याकाळनंतरच्या खोल्यांत मी ३००० च्या वर जात नाही. डोळ्यातल्या काही पेशी निळसर उजेडाला, साधारण ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या लहरींना, खास प्रतिसाद देतात आणि त्यातून शरीराला दिवस असल्याचा निरोप जातो. झोपेआधी दोन तास हा निरोप नको. स्वयंपाकघर, अभ्यास, कपडे निवडायची जागा यांना ४००० चालतो. ६५०० घरात कुठे हवाच असेल तर कोठारात. आणि ज्या दोन खोल्या एकाच वेळी नजरेत येतात, म्हणजे हॉल आणि त्याला लागून उघडं स्वयंपाकघर, त्यांचा केल्विन एकच ठेवा. एक पिवळी आणि एक निळी खोली शेजारी-शेजारी दिसली की दोन्ही चुकल्यासारख्या वाटतात.

केल्विनपेक्षाही महत्त्वाचा आणि कमी विचारला जाणारा आकडा आहे सीआरआय: त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात. कमाल १००. स्वस्त दिवे ७०-८० वर थांबतात, घरासाठी ९० मागावा. कारण दिव्याच्या जडणघडणीत आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन पांढरा उजेड मिळवतात. असा उजळ निळा एलईडी घडवल्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या रचनेत निळा मुबलक येतो, पिवळाही येतो, गडद लाल मात्र तोकडा पडतो. सीआरआयचा नेहमीचा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते आणि गडद लाल त्यात धरलेलाच नसतो. तो आर९ या नावाने वेगळा देतात. आर९ पन्नासच्या वर असेल तर त्वचा, लाकूड, टोमॅटो, लाल कापड सगळं जिवंत दिसतं. दुकानात परीक्षा घ्यायची तर आपला तळहात दिव्याखाली धरा. राखाडी वाटला तर दिवा परत करा.

खोलीखोलीने

स्वयंपाकघरावर सगळ्यात जास्त विचार करा, कारण इथे हातात सुरी असते. खोलीच्या मध्यरेषेवर दिवे दिले की ओट्यापाशी उभा राहणारा माणूस उजेडाकडे पाठ करून उभा राहतो आणि त्याची सावली थेट कामावर पडते. दिव्यांची ओळ ओट्याच्या पुढच्या काठाच्या वर, फार तर जराशी आत हवी. ओटा ६० सेंटीमीटर रुंद असेल तर भिंतीपासून दिव्याचा मध्य ५० ते ६० सेंटीमीटरवर येतो. वर कपाटं असतील तर ती साधारण ३५ सेंटीमीटर पुढे आलेली असतात, म्हणून दिवा त्यांच्या दारांवर आपटणार नाही हे बघा. खरा उपाय मात्र कपाटाच्या तळाशी, पुढच्या काठाला लावलेली पट्टी हाच आहे. तो उजेड हाताच्या आणि डोळ्याच्या मधे येतो आणि सावली पडतच नाही. शेगडी आणि सिंक यांच्यावर स्वतंत्र दिवा द्या. शेगडीवर चिमणी असेल तर बहुतेक वेळा तिच्यातच दिवा असतो, तो पुरतो. तेलकट वाफेत दिवा काचेने झाकलेला असावा म्हणजे ती पुसता येते.

बाथरूममध्ये आधी आयपी आकडा बघा. पहिला अंक धुळीपासूनचा बचाव सांगतो, दुसरा पाण्यापासूनचा. आंतरराष्ट्रीय पद्धतीत बाथरूमचे विभाग पाडतात: टब किंवा शॉवरच्या बरोबर वर २.२५ मीटर उंचीपर्यंतचा भाग आणि त्याच्याभोवतीचा ६० सेंटीमीटरचा पट्टा. इथे दुसरा अंक किमान ४ हवा, म्हणजे आयपी ४४. शॉवरच्या वर मी आयपी ६५ शिवाय दिवा लावू देत नाही. आरशासाठी छतातला दिवा एकटा पुरत नाही. तो डोक्यावर असला की डोळ्यांच्या खोबणीत अंधार राहतो. चेहऱ्याच्या उंचीवर, आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे असावेत. ते जमत नसेल तर छतातला दिवा आरशाच्या पुढे, माणूस आणि आरसा यांच्या मधोमध आणा, म्हणजे उजेड चेहऱ्यावर समोरून येईल.

बेडरूममध्ये उशीच्या वर दिवा नको. पलंगाच्या पायथ्याकडे आणि कपाटासमोर द्या. कपाटासमोरचा दिवा दारांपासून ६० ते ७५ सेंटीमीटरवर असला की उजेड आतल्या कप्प्यांपर्यंत पोहोचतो. फार जवळ असला तर फक्त वरचा कप्पा उजळतो. वाचनासाठी उशाशी वेगळा दिवा ठेवा.

हॉलमध्ये टीव्हीच्या समोरच्या भागात छतातला दिवा आला तर पडद्यात त्याचं प्रतिबिंब दिसतं. टीव्हीच्या मागची भिंत मंद उजळलेली असावी, डोळ्यांना आराम मिळतो. बैठकीच्या मधल्या टेबलावर अरुंद झोत टाका. टेबल उजळलं की तिथून परतलेला मऊ उजेड बसलेल्यांच्या चेहऱ्यावर खालून येतो आणि वरच्या सावल्या भरून निघतात.

पॅसेजला फारसा विचार लागत नाही. दर दीड-दोन मीटरला एक दिवा, जमल्यास एका भिंतीकडे सरकवून.

छताला पंखा असेल तर दिवे पात्यांच्या कक्षेबाहेर ठेवा. पात्यांच्या वर दिवा आला की उजेड सतत कापला जातो आणि सबंध खोली थरथरते. काहींना त्याने डोकं दुखतं आणि कारण महिनोन् महिने उमगत नाही. १२०० मिलिमीटर पंख्याची पाती मध्यापासून ६० सेंटीमीटर फिरतात. दिवा त्याच्या किमान ३० सेंटीमीटर बाहेर असावा, आणि झोत रुंद असेल तर आणखी दूर.

स्विच आणि डिमर

सगळे दिवे एकाच बटणावर घेतले तर एवढ्या विचारपूर्वक केलेल्या निवडीचा अर्धा फायदा वाया जातो. मगाशी कागदावर तीन रंग केले होते, त्यांचे तीन गट करा: कामाचा उजेड, शोभेचा उजेड, वावरण्याचा उजेड. बेडरूममध्ये एक गट पलंगावरूनही बंद करता यावा. रात्री उठल्यावर पाय पडतील तेवढ्याच जागी उजेड देणारा एक मंद दिवा वेगळ्या बटणावर असू द्या.

डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचं बटण, लावायचा असेल तर दिवा, ड्रायव्हर आणि डिमर तिन्ही एकमेकांना मानवणारे हवेत. खोक्यावर डिमेबल लिहिलेलं नसेल तर तो दिवा डिमरवर लुकलुकतो, गुणगुणतो किंवा लवकर जातो. जुने डिमर तारेच्या बल्बसाठी बनलेले होते आणि त्यांना किमान काही वॅटचा भार लागतो. सात-सात वॅटचे तीन दिवे मिळून २१ वॅटच होतात आणि डिमर गोंधळतो. एलईडीसाठीचा, शक्यतो ट्रेलिंग-एज प्रकारचा डिमर मागा. आणि भिंत बंद करण्याआधी एक दिवा आणि एक डिमर प्रत्यक्ष जोडून, अगदी मंद करून बघा.

दिव्याच्या पोटात

एलईडी सहसा आधी जात नाही, आधी ड्रायव्हर जातो. त्यातल्या कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. म्हणून दिव्याला जड ॲल्युमिनियमची पाठ असावी, पोकळीत हवा खेळावी, आणि छतात उष्णतारोधक गादी असेल तर ती दिव्यावर पसरू नये. तसे झाकता येणारे खास दिवे असतात. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच झाका. ड्रायव्हर वेगळा आणि बदलता येण्याजोगा असलेला दिवा घ्या, आणि तो दिव्याच्याच छिद्रातून बाहेर ओढता येईल एवढा अरुंद असावा. नाहीतर एका छोट्या डबीसाठी छत कापावं लागतं.

खोक्यावरचे २५,००० किंवा ५०,००० तास म्हणजे दिवा तेवढ्या काळानंतर विझतो असं नाही. एल७० लिहिलेलं असेल तर त्या तासांनंतर उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर आलेला असेल. रोज ५ तास लावला तर २५,००० तास म्हणजे साडेतेरा वर्षांहून जास्त. मला वॉरंटीचा काळ जास्त बोलका वाटतो.

लुकलुक डोळ्यांना दिसली नाही तरी ती असू शकते. ५० हर्ट्झच्या विजेवर हलक्या ड्रायव्हरचा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. मोबाइलचा कॅमेरा स्लो-मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. उजेड फडफडताना किंवा पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको.

खरेदी आणि छिद्र

आधी प्रत्येक प्रकारचा एकच दिवा आणा. लांब वायर जोडून, शिडीवरून किंवा काठीला बांधून, संध्याकाळी त्याच खोलीत छताशी धरा. घरातल्या एकाला नेहमीच्या जागी बसवा. कागदावरचे सगळे आकडे बरोबर असूनही इथे मन बदलू शकतं, आणि बदलायला हीच वेळ स्वस्त आहे.

मग सगळे दिवे एकाच वेळी, एकाच खेपेतले घ्या. दोन खेपांतले ३००० केल्विन शेजारी लावले की एक गुलाबी आणि एक हिरवट दिसू शकतो. माहितीपत्रकात एसडीसीएम (दिव्यादिव्यांमधल्या रंगाच्या फरकाचं माप) ३ असेल तर हा फरक सहसा जाणवत नाही. प्रत्येक प्रकाराचे एक-दोन दिवे जादा घेऊन ठेवा.

छिद्र पाडताना दिव्याचा बाहेरचा व्यास बघायचा नाही, कटआउटचा, म्हणजे छतात पाडायच्या छिद्राचा बघायचा. ९० मिलिमीटरच्या दिव्याचा कटआउट ७५ असू शकतो, आणि चुकून ९० चं छिद्र पाडलं तर दिवा हातात राहतो. दिवा प्रत्यक्ष हातात आल्याशिवाय होल-सॉ (गोल छिद्र पाडणारी करवत) लावू देऊ नका. स्प्रिंगची पकड किती जाडीच्या बोर्डसाठी आहे तेही बघा. खुणा करताना आराखड्यातलं फर्निचर जमिनीवर खडूने आखा, छताच्या सांगाड्याच्या पट्ट्या कुठे आहेत ते चाचपा आणि पट्टीवर खूण आली तर सगळी ओळ मिळून सरकवा, एकच दिवा नको.

जोडणी जाणत्या वायरमनकडूनच, मेन बंद करून. धातूच्या दिव्याला अर्थिंग जोडलेलं हवं. ज्यावर चौकोनात चौकोन ही खूण असते त्याला ते लागत नाही. सांधे उघडे पिळून टेप गुंडाळलेले नकोत, कनेक्टरमध्ये असावेत, कारण पोकळीत पुन्हा कोणी डोकावत नाही.

पहिल्या रात्री झोत वळवता येणारे दिवे एकेक करून हवे तिथे वळवून घ्या, शिडी परत जायच्या आत. दिवे आणि ड्रायव्हरच्या खोक्यांवरची लेबलं कापून, आराखड्याच्या कागदासोबत, जादा दिव्यांच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी मीटरच्या कपाटात ठेवा.